पुस्तकातले जहाज आणि पाण्यातले जहाज

अकरावीच्या वर्गात बर्नुलीचे तत्त्व शिकवायची वेळ आली की बहुतेक शिक्षकांचे दोन आधार ठरलेले असतात. पहिला आधार कागदाच्या दोन पट्ट्यांचा. त्या समोरासमोर धरून मधून फुंकर मारायची आणि त्या लांब जाण्याऐवजी जवळ येतात हे दाखवायचे. दुसरा आधार जहाजांच्या गोष्टीचा. शेजारून जाणारी दोन जहाजे एकमेकांकडे ओढली जातात आणि आदळतात, ही ती गोष्ट. पोरांना ती आवडते. पट्ट्यांपेक्षा जास्त आवडते, हा आमचा अनुभव आहे. कारण तिच्यात खरीखुरी जहाजे आहेत, टक्कर आहे आणि शेवटी कोर्टसुद्धा आहे.

आमच्यापैकी अनेकांनी ही गोष्ट प्रथम वाचली ती याकोव पेरेलमान यांच्या मनोरंजक भौतिकशास्त्रावरील पुस्तकाच्या दुसऱ्या भागात. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची ती पुस्तके एकेकाळी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत अगदी थोड्या पैशांत मिळत. विज्ञान शिकवणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीने त्यांतून उदाहरणे उचलली. आम्हीही उचलली, आणि पेरेलमान यांचे ऋण आम्ही आजही मानतो. म्हणूनच त्यांच्या पुस्तकातले हे एक उदाहरण थोडे उलटसुलट करून तपासावे असे वाटले. निमित्त झाले एका मुलीच्या प्रश्नाचे. तो प्रश्न पुढे येईलच.

पेरेलमान सांगतात ते थोडक्यात असे. १९१२ च्या शरद ऋतूत ‘ओलिंपिक’ हे त्या काळातले जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक प्रवासी जहाज भर समुद्रातून चालले होते. शंभरेक मीटर अंतरावरून, जवळजवळ समांतर, ‘हॉक’ नावाची बरीच लहान चिलखती युद्धनौका वेगाने जात होती. एकाएकी हॉकचे तोंड मोठ्या जहाजाकडे वळले, सुकाणूला दाद न देता ती सरळ त्याच्यावर गेली आणि तिने त्याच्या कुशीला मोठे भगदाड पाडले. खटल्यात ओलिंपिकच्या कप्तानाला दोषी ठरवले गेले. खरा दोष मात्र पाण्याच्या दाबाचा होता आणि तो तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही, असा एकूण सूर.

आता यातले काय टिकते ते पाहू.

पहिली गोष्ट तारखेची. टक्कर झाली २० सप्टेंबर १९११ रोजी, म्हणजे पुस्तकातल्या काळाच्या पुरते एक वर्ष आधी. एका वर्षाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. इथे बरेच बिघडते. टकरीच्या वेळी ओलिंपिकचे कप्तान होते एडवर्ड स्मिथ. हेच स्मिथ एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’बरोबर बुडाले. म्हणजे १९१२ च्या शरदात त्यांना दोषी धरायला ते हयातच नव्हते. शिवाय ऑक्टोबर १९१२ पासून पुढचे काही महिने ओलिंपिक बेलफास्टच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभे होते. दोन तारखा शेजारी ठेवल्या तरी चूक बाहेर पडते. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे त्या शेजारी ठेवल्या नाहीत, हेही इथेच कबूल करतो.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ती तारखेपेक्षा महत्त्वाची. ही टक्कर भर समुद्रात झाली नाही. ती झाली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, सोलेंट नावाच्या सामुद्रधुनीत. एका अंगाला इंग्लंडची मुख्य भूमी आणि दुसऱ्या अंगाला वाइट बेट, अशी ही पाण्याची चिंचोळी पट्टी आहे. साउदॅम्प्टनहून निघालेल्या जहाजाला तिथे एका वाळूच्या दांड्याला वळसा घालून जावे लागते. हा ब्रॅम्बल दांडा इतका उथळ आहे की वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो आणि दोन नौकाक्लबांचे सभासद त्यावर जाऊन क्रिकेटचा सामना खेळून घेतात! अशा पाण्यातून २६९ मीटर लांब, २८ मीटर रुंद आणि साडेदहा मीटर पाण्यात बुडालेले जहाज जात होते. त्याला अथांग समुद्रात नेऊन ठेवले की उदाहरणाचा निम्मा अर्थ हरवतो. पाणी उथळ असले की जहाजाच्या बुडाखालून जायला त्याला वाट कमी उरते, ते बाजूंनी जास्त जोराने पळते आणि ओढ वाढते. खोल समुद्रात शंभर मीटरवरून असा प्रसंग घडणे कठीण, कारण अंतर वाढले की हा परिणाम झपाट्याने कमी होतो.

तिसरी गोष्ट खटल्याची. पाण्याची ओढ कोणाच्या ध्यानात आली नाही हे म्हणणे खरे नाही. उलट खटल्याचा मोठा भाग त्यावरच गाजला. ब्रिटिश नौदलाने हॉकच्या वतीने हाच मुद्दा मांडला की ओलिंपिकच्या ओढीमुळे आमचे जहाज वळले. अमेरिकी नौदलातले डेव्हिड टेलर यांनी वॉशिंग्टनच्या हौदात जहाजांचे लहान नमुने शेजारी शेजारी चालवून या ओढीवर प्रयोग केले होते, आणि त्यांचा निबंध १९०९ सालीच प्रसिद्ध झाला होता. ओलिंपिकच्या मालकांचा, म्हणजे व्हाइट स्टार कंपनीचा, युक्तिवाद वेगळा होता. हॉक मागून येऊन पुढे जाऊ पाहत होती, तेव्हा दूर राहण्याची जबाबदारी तिचीच, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने ते मानले नाही. दोन्ही जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत होत्या, हॉक ओलिंपिकच्या उजव्या हाताला होती, म्हणून वाट सोडण्याचे काम ओलिंपिकचे होते असा निकाल लागला. आपल्या रस्त्यावरच्या चौकात जसा नियम असतो, साधारण तसाच हा नियम.

आणि दोष कप्तानाच्या माथी आला असेही नाही. त्या पाण्यात बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, घेणे कायद्याने सक्तीचे होते आणि जहाज त्याच्या हुकमाने चालले होते. म्हणून कंपनीकडून नौदलाला भरपाई मिळाली नाही, पण कंपनीलाही आपल्या दुरुस्तीचा खर्च सोसावा लागला. अपिले थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि १९१४ पर्यंत निकाल तोच राहिला.

पेरेलमान यांच्या गोष्टीत ‘कोर्ट अडाणी आणि विज्ञान शहाणे’ अशी एक छुपी मांडणी आहे. ती वाचताना आपल्याला, म्हणजे विज्ञानवाल्यांना, बरे वाटते. इथे मात्र कोर्टासमोर विज्ञान होते, आणि ते ऐकूनही कोर्टाने विचारले की ओढ लागेल इतक्या जवळ मुळात कोण आले, आणि का? हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या धड्यात येत नाही. आम्हाला तो आला तर हवा आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. तिने विचारले होते, “सर, समुद्राचे पाणी तर उभेच असते. पळतात ती जहाजे. मग दोघांच्या मधले पाणी वेगाने जाते असे का म्हणायचे?” आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते आता आठवायला नको. बरोबर उत्तर असे. जहाजाच्या डेकवर उभे राहून पाहिले तर जहाज स्थिर आणि पाणी समोरून मागे वाहताना दिसते. दोन जहाजे शेजारी, सारख्या वेगाने जात असतील तर दोन्हींच्या डेकवरून एकच चित्र दिसते. दोन फुगीर काठांमधून पाणी वाहत आहे, मधल्या चिंचोळ्या जागी त्याचा वेग वाढतो आणि तिथे दाब उतरतो. बर्नुलीचे समीकरण वापरायचे तर प्रवाह असा स्थिर दिसला पाहिजे. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तो स्थिर दिसत नाही, तेव्हा त्याच्या जागेवरून ते समीकरण तसेच्या तसे लावता येत नाही. पेरेलमान हे एका वाक्यात सांगून जातात. वर्गात त्यावर पुरा तास गेला तरी हरकत नाही.

किती ओढ लागेल याचा अंदाज पोरांकडून काढून घेता येतो. वेग सेकंदाला ८ मीटर धरा, म्हणजे साधारण साडेपंधरा नॉट. मधल्या पाण्याचा वेग शेकडा ५ ने वाढला असे मानू. हा आकडा आम्ही हिशोबापुरता धरला आहे, मोजलेला नाही. मग तो होतो ८.४. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलोग्रॅम. दाबातला फरक निघतो सुमारे ३३६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या फक्त एक तृतीयांश मीटर उंचीच्या स्तंभाइतका. वर्गात इथवर आले की कोणीतरी “एवढासाच?” म्हणते. मग सांगावे की हॉकच्या पुढच्या ३० मीटर लांबीचा आणि पाण्यातल्या ७ मीटर उंचीचा भाग घ्या. क्षेत्रफळ २१० चौरस मीटर, आणि बल सुमारे सात लाख न्यूटन. म्हणजे बहात्तर टन वजनाइतके बल तिच्या नाकाला एका बाजूला ओढत आहे. हॉकचे वजन सात हजार टनांहून थोडे जास्त होते आणि ओलिंपिकचे त्याच्या सातपट.

पण ‘ओढली गेली’ एवढ्यानेही गोष्ट पुरी होत नाही, आणि कागदाच्या पट्ट्यांचे उदाहरण इथेच तोकडे पडते. पट्ट्या सरळ बाजूने जवळ येतात. हॉक मात्र वळली आणि नाक पुढे करून घुसली. याचे कारण चालत्या जहाजाच्या कुशीला दाब सगळीकडे सारखा नसतो. पुढच्या टोकाशी पाणी रेटले जाते म्हणून दाब जास्त, मधल्या लांब भागात कमी आणि पिछाडीला पुन्हा जास्त. ओलिंपिक त्या वेळी वेग वाढवत होते आणि आधी बरोबरीने असलेली हॉक हळूहळू मागे पडत होती. लहान जहाजाचे नाक मोठ्याच्या कमी दाबाच्या भागाशी आणि त्याचे शेपूट त्या भागाच्या बाहेर, अशी अवस्था आली की नाक आत ओढले जाते, शेपूट बाहेर ढकलले जाते आणि जहाज फिरते. म्हणजे हा नुसत्या बलाचा प्रश्न राहत नाही, बलाच्या आघूर्णाचाही होतो. शिवाय दोघांचे वेग वेगळे आणि बदलते असल्याने वर सांगितलेला स्थिर प्रवाहही नाही. आमचा बहात्तर टनांचा हिशोब म्हणूनच अंदाज आहे, उत्तर नव्हे.

हे फिरणे वर्गाबाहेर दाखवता येते. शेताच्या पाटात, जिथे पाणी सारखे वाहते आहे अशा जागी, लाकडाच्या दोन लहान होड्या दोरीने एका आडव्या काठीला बांधाव्यात. पाटाचे पाणी वाहते आणि होड्या स्थिर, म्हणजे डेकवरचे दृश्य आपोआप तयार होते. होड्या शेजारी आणल्या की जवळ सरकतात. मग एक होडी लांब घ्या, दुसरी तिच्या निम्मीच, आणि लहान होडीची दोरी सैल करत तिला मागे मागे जाऊ द्या. तिचे नाक वळते ते ठिकाण पोरांनाच शोधू द्या. पाणी खळाळते असेल तर प्रयोग फसतो. आमचा दोनदा फसला, आणि एकदा होडी पुढच्या शेतात गेली.

त्या दिवशी ओलिंपिकच्या पिछाडीजवळ उजव्या कुशीला दोन भोके पडली, एक पाण्याच्या वर आणि एक खाली. दोन कप्पे पाण्याने भरले, एका पंख्याचा दांडा निकामी झाला. हॉकच्या नाकाशी शत्रूच्या जहाजांना भोसकण्यासाठीच मुद्दाम केलेला पोलादी सुळा होता, त्याचा चेंदामेंदा झाला. कोणी मेले नाही. ओलिंपिक आपल्याच इंजिनांवर साउदॅम्प्टनला परतले.

आमची दुसरी तक्रार इथून सुरू होते आणि ती पेरेलमान यांच्याबद्दल नाही. ती गोष्टी निवडण्याच्या आपल्या सवयीबद्दल आहे.

दुरुस्तीसाठी ओलिंपिक बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कारखान्यात गेले. तिथे शेजारीच त्याचे जुळे भावंड बांधून होत आले होते. त्याचे कामगार काढून ओलिंपिकला लावले गेले, त्याच्यासाठी केलेला पंख्याचा दांडा ओलिंपिकला बसवला गेला. त्यामुळे त्या भावंडाची पहिली सफर २० मार्च १९१२ वरून १० एप्रिलवर गेली. ते भावंड म्हणजे टायटॅनिक. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. १९९७ च्या चित्रपटाने तर ते खेड्यापाड्यांतही पोचवले. साडेचार दिवस चाललेल्या जहाजाबद्दल आमच्या विद्यार्थ्यांना इतके माहीत आहे की ते आम्हालाच शिकवतात. चोवीस वर्षे चाललेल्या जहाजाचे नाव मात्र त्यांनी ऐकलेले नसते. जे बुडाले त्यावर दहा भाषणे आणि जे तरले त्यावर एकही नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्याला परवडणारे नाही. अपयशाचे कारण शोधायचे तर शेजारी यशाचा नमुना ठेवून तुलना करावी लागते. इथे तर नियतीने तो आयता दिला आहे. तोच आराखडा, तोच कारखाना, तेच पोलाद, तीच रिव्हेटची पद्धत.

१९९० च्या दशकात टायटॅनिकच्या सांगाड्यातून वर आणलेले पोलादाचे तुकडे तपासले गेले. त्यांत गंधकाचे प्रमाण जास्त आढळले आणि असे पोलाद थंड पाण्यात ठिसूळ होते असे दिसले. वर्तमानपत्रांनी लगेच ‘खराब पोलादाने जहाज बुडवले’ असे मथळे केले. पण त्याच पोलादाच्या ओलिंपिकने हॉकचा सुळा झेलला, उत्तर अटलांटिकच्या कितीतरी हिवाळ्यांतून ये-जा केली, आणि पुढे एका पाणबुडीवरून ते गेले. तेव्हा ‘पोलाद ठिसूळ’ एवढे एकच कारण पुरत नाही. अर्थात ही तुलनाही निखळ नाही. हॉकचा घाव एका जागी बसला, हिमनगाचा घाव कुशीभर घासत गेला. शिवाय १९१२ नंतरचे ओलिंपिक आधीचे राहिले नव्हते. पोरांना ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणजे काय आणि तो मिळणे किती अवघड, हे सांगायला यासारखे उदाहरण आम्हाला दुसरे सापडलेले नाही.

ते आधीचे का राहिले नाही? एप्रिल १९१२ च्या शेवटच्या आठवड्यात, टायटॅनिकला आठ-दहा दिवस होत नाहीत तोच, ओलिंपिकच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या आगवाल्यांनी सफरीवर जायला नकार दिला. नव्याने चढवलेल्या घडीच्या होड्या कामाच्या नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. २८४ आगवाले जहाज सोडून गेले. त्यांच्या जागी आणलेल्या माणसांबरोबर काम करायला नकार देणाऱ्या ५४ खलाशांवर बंडाचा खटला झाला. आरोप सिद्ध झाला, पण त्यांना शिक्षा दिली गेली नाही. त्या हिवाळ्यात कंपनीने अडीच लाख पौंड खर्चून जहाज सुधारले. बुडाचे दुहेरी कवच बॉयलर आणि इंजिनांच्या भागात दोन्ही बाजूंनी वर नेले, आडव्या भिंतींपैकी पाच उंच केल्या, एक नवी घातली आणि होड्यांची संख्या वाढवून सगळ्यांना पुरेल इतकी केली. जहाज सुरक्षित झाले ते आधी कोणीतरी ‘आम्ही जाणार नाही’ म्हटल्यामुळेही. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत फक्त भिंतींची उंची येते, आगवाले येत नाहीत.

या आगवाल्यांचे काम काय होते तेही सांगायला हवे. २९ बॉयलर, त्यांच्या १५९ भट्ट्या, रोजचा सहाशे टनांहून जास्त कोळसा, आणि हा सगळा फावड्याने. त्यातून निघालेली वाफ आधी दोन प्रचंड दट्ट्यांच्या इंजिनांत जाई आणि तिथून बाहेर पडणारी उतरत्या दाबाची वाफ वाया न घालवता मधल्या पंख्याचे टर्बाइन फिरवी. वाफेची शक्ती शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेण्याचा हा प्रकार औष्णिक कार्यक्षमतेच्या धड्यात सांगण्यासारखा आहे. फक्त हे टर्बाइन उलटे फिरवता येत नसे, तेव्हा जहाज मागे घेताना मधला पंखा उपयोगाचा नव्हता.

महायुद्ध सुरू झाल्यावर काही महिने ओलिंपिक प्रवासी घेऊनच चालले. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ त्याला ‘ऑडेशस’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडत असलेली दिसली. ती पाणसुरुंगावर गेली होती. तो सुरुंग पेरला होता ‘बर्लिन’ या जर्मन जहाजाने, आणि बर्लिन हेही मूळचे प्रवासी जहाजच. ओलिंपिकने माणसे उतरवून घेतली, दोर टाकून युद्धनौका ओढायचा प्रयत्न केला, दोर तुटला आणि रात्री ती स्फोट होऊन बुडाली. बातमी फुटू नये म्हणून नौदलाने ओलिंपिकला प्रवाशांसकट काही दिवस अडकवून ठेवले. प्रवाशांत अमेरिकी नागरिक होते, त्यांनी फोटोही काढले होते. अमेरिकेत सगळ्यांना कळले, तरी ब्रिटिश सरकारने ही हानी अधिकृतपणे कबूल केली ती युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये. आणि हॉक? ती याच्या बाराच दिवस आधी, १५ ऑक्टोबरला, जर्मन पाणबुडीच्या पाणतिराने पाचशेहून जास्त माणसांसह बुडाली होती.

१९१५ च्या सप्टेंबरपासून ओलिंपिक सैनिकवाहू जहाज झाले. आधी भूमध्य समुद्रात गॅलिपोलीच्या मोहिमेसाठी, मग कॅनडाचे आणि शेवटी अमेरिकेचे सैनिक आणण्यासाठी. १९१६ साली आफ्रिकेला वळसा घालून त्याला हिंदुस्थानला पाठवावे असाही विचार झाला होता. तो सोडून द्यावा लागला. कारण अटलांटिकच्या आठवडाभराच्या सफरीसाठी बांधलेल्या त्याच्या कोठारांत एवढ्या लांबच्या वाटेला पुरेल इतका कोळसाच मावत नव्हता. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक, आणि मुंबईला येऊ शकत नाही! मोठे असणे आणि लांब जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून सोपे करून कसे सांगावे?

युद्धात त्याने सुमारे दोन लाख माणसे वाहिली आणि ३,४७,००० टन कोळसा जाळला. सैनिकांनी त्याला ‘भरवशाचे म्हातारे’ अशा अर्थाचे लाडके नाव दिले. १२ मे १९१८ च्या पहाटे इंग्लिश खाडीत त्याला पाण्यावर आलेली यू-१०३ ही जर्मन पाणबुडी दिसली. कप्तान बर्ट्रम हेज यांनी जहाज सरळ तिच्यावर घातले. बुडी मारत असलेल्या पाणबुडीचे कवच ओलिंपिकच्या डाव्या पंख्याने चिरले. ओलिंपिक थांबले नाही. अंगावर हजारो सैनिक असताना थांबणे शक्यही नव्हते. पाण्यातल्या ३१ जर्मनांना नंतर एका अमेरिकी विनाशिकेने उचलले. याच्याआधी, १९१५ मध्ये, याच जहाजाने थांबून एका बुडालेल्या फ्रेंच जहाजाची ३४ माणसे उचलली होती आणि त्याबद्दल जहाज धोक्यात घातले म्हणून कप्तानावर टीका झाली होती. यू-१०३ साठी त्यांना पदक मिळाले. या जहाजावरच्या बहुतेक लेखनात दुसरा प्रसंग ठळक अक्षरांत असतो आणि पहिला एका ओळीत.

युद्धानंतर भट्ट्या कोळशाऐवजी तेलावर आल्या. साडेतीनशेच्या आसपास माणसे करत ते काम आता साठ माणसांत होऊ लागले. इंधन भरायला दिवस लागत, ते काही तासांवर आले. उरलेल्या तीनशेंचे काय झाले हे जहाजांच्या इतिहासात सापडत नाही. पुढची काही वर्षे भरभराटीची, नटनट्या आणि राजपुत्रांची. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

आम्हाला थांबायचे आहे ते १५ मे १९३४ या दिवशी. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर नँटकेट येथे एक दीपनौका नांगरलेली असे. ती रेडिओसंकेत सोडी आणि न्यूयॉर्ककडे येणारी जहाजे त्या संकेताच्या दिशेने येत. त्या दिवशी दाट धुके होते. ओलिंपिक संकेत धरून आले, आणि इतके बिनचूक आले की सरळ दीपनौकेवरच गेले. अकरांपैकी सात माणसे मेली. यंत्र बिघडले नव्हते. दिशा अचूक कळत होती, अंतर कळत नव्हते. हॉकच्या वेळी कोर्टाने विचारलेला प्रश्नच इथे पुन्हा येतो: इतक्या जवळ मुळात का आलात? तेवीस वर्षांनी, दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली. आमच्या मते बर्नुलीच्या धड्यात येणारी ओलिंपिकची गोष्ट हॉकपाशी संपवू नये, ती या दीपनौकेपर्यंत न्यावी.

१९३५ मध्ये जहाज सेवेतून काढले गेले. सर जॉन जार्व्हिस यांनी ते एक लाख पौंडांना विकत घेतले आणि तोडण्यासाठी इंग्लंडच्या ईशान्येकडील जॅरो गावी पाठवले. जॅरोचा जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला होता, गावात हाताला काम नव्हते. जहाजे बांधणाऱ्या हातांना जहाज तोडायचे काम मिळाले. ते पुरेसे नव्हतेच. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्याच गावचे दोनशे बेकार काम मागण्यासाठी पायी लंडनला गेले. उरलेला सांगाडा १९३७ मध्ये स्कॉटलंडला ओढून नेऊन संपवला. आतली लाकडी तक्तपोशी लिलावात गेली. त्यातला काही भाग अ‍ॅल्निक गावच्या एका हॉटेलच्या जेवणघरात भिंतींना लावलेला आहे.